अंगठी मोडा, पण हिरा घरी आणा

सोन्याचा भाव चढला तशी आमच्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ गल्लीत, मोड (मोडायला काढलेले जुने दागिने) घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढली, आणि त्यात हल्ली साखरपुड्याच्या हिऱ्याच्या अंगठ्या पण यायला लागल्यात. यावेळी तीन पत्रं त्याच विषयाची आलीत म्हणून एकत्रच घेते. मी सराफाच्या घरातली, २२ वर्षं पेढीवर बसते, म्हणजे काउंटरच्या आतल्या बाजूनं बोलतेय हे ध्यानात ठेवूनच वाचा.

प्रश्न: ताई नमस्कार. मी राजारामपुरीत राहते. माझा साखरपुडा २०१८ च्या मे महिन्यात झाला, सासरकडनं हिऱ्याची अंगठी आली होती, ५३ हजाराची, बिलाचा फोटो पाठवलाय. दोन बाळंतपणं झाली तशी ती बोटात जाईना, कपाटात पडून आहे. नवरा म्हणतो ही देऊन मोठी घेऊ. दोन दुकानांत विचारलं तर एकजण ४१ हजार धरतो म्हणाला आणि जिथनं घेतली ते ६४,६०० धरतो म्हणाले, पण हिऱ्याचाच दागिना घ्यायचा आणि तो पण दुप्पट किमतीचा, अशी अट. मैत्रीण म्हणते सोनं चौपट झालं तर हिरा पण झालाच असणार, दोघंही लुबाडतायत. एवढा फरक कसा काय? काय करू?

उत्तर: पहिलं सांगते, दोघांपैकी कुणी तुम्हाला लुबाडत नाहीये. तुम्ही बिल पाठवलं ते फार बरं केलं, कारण लोकं नुसता शेवटचा आकडा सांगतात आणि त्यावरनं काहीच कळत नाही. तुमच्या बिलात निव्वळ सोनं ३.८०० ग्रॅम आहे, १८ कॅरेट, ग्रॅमला २,३५० नं ८,९३० रुपये. मजुरी ४,५६०. हिरा ३० सेंटचा, म्हणजे ०.३० कॅरेटचा (सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचं म्हणजे वजन), ३८,०००. वर ३ टक्के जीएसटी १,५४५. झाले ५३,०३५. म्हणजे तुम्ही तेव्हा जे पैसे दिले त्यातलं सोनं सहावा हिस्सा, बाकी जवळजवळ सगळा हिराच.

आता आजचं बघा. २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १२ हजार धरते, तुमच्या दोन्ही दुकानदारांनी पण तोच धरलेला दिसतोय, वाचणाऱ्यांनी आपापल्या दिवसाचा भाव घालावा. १८ कॅरेट म्हणजे त्याच्या तीन चतुर्थांश, ९ हजार. गुणिले ३.८, आले ३४,२००. दोघांनी घट, म्हणजे वितळवताना कमी होणारं वजन, पण धरलेली नाही, ते चांगलंच आहे. तर पहिल्यानं जे ४१ हजार सांगितले त्यातले ३४,२०० नुसत्या सोन्याचे, हिऱ्याचे फक्त ६,८००. दुसऱ्यानं सोन्याचे तेवढेच धरले आणि हिऱ्याचे ३०,४००, म्हणजे बिलातल्या किमतीच्या बरोबर ८० टक्के, तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तसं छापलेलंच आहे, बघा. मजुरी आणि जीएसटी दोघांनीही सोडून दिले, ते कुठंच परत मिळत नाहीत.

सगळा फरक त्या एका खड्यात आहे.

आणि मला जी गोष्ट सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते ती हीच, की सोनं चढल्यामुळं हल्ली बेरीज चांगली दिसते आणि हिऱ्यात किती गेले ते माणसाच्या लक्षातच येत नाही. ५३ हजाराची अंगठी आठ वर्षांनी पण ४१ ला जातेय म्हटल्यावर घरात सगळे म्हणतात चला फार नाही गेले. पण सोन्यानं २५ हजार कमावून दिले आणि हिऱ्यानं ३१ हजार घालवले असा तो हिशोब आहे. म्हणून कुठल्याही दुकानात गेलात तर एकच आकडा ऐकून घेऊ नका. सोन्याचे किती, कुठल्या भावानं, घट किती, आणि हिऱ्याचे किती, हे वेगवेगळं कागदावर लिहून मागा. कुणी लिहून देत नसेल तर त्या पायरीवरनं खाली उतरायचं.

मैत्रिणीचं म्हणणं मला समजतं, आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या डाग म्हणजे दागिना करायचा तो अडीनडीला मोडता यावा म्हणून. आजीनं कोल्हापुरी साज केला, तो मोडला तर त्या दिवसाच्या भावानं पैसे. पण सोन्याला भाव असतो आणि हिऱ्याला किंमत असते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनं वितळवलं की माझं काय तुमचं काय एकच. हिरे दोन सारखे नसतात, वजन, रंग, आतली स्वच्छता आणि कट ह्या चारांवर प्रत्येकाची किंमत वेगळी ठरते. व्यापाऱ्यांत १९७८ पासून रॅपापोर्टची यादी चालते, आम्ही तिला नुसतं रॅप म्हणतो, त्यात कॅरेटमागं डॉलरमधले दर असतात पण ती घाऊकची यादी, आणि सौदा बहुतेक वेळा त्याच्याही खाली होतो. तुम्ही शोरूममध्ये जे ३८ हजार दिले त्यात व्यापाऱ्याचा, दलालाचा, दुकानाच्या एसीचा आणि जाहिरातीचा वाटा होता. आता पहिल्या दुकानदारापुढं तुमचा हिरा आला तर त्याला तसाच हिरा घाऊकमध्ये मुंबईवरनं किंवा सुरतेवरनं उधारीवर, हवा तेव्हा, सर्टिफिकेटसकट मिळतो. मग तो तुमचा रोखीनं कशाला घेईल, घेतला तर पाडूनच मागणार. शिवाय प्रयोगशाळेतले हिरे आल्यापासून खाणीतल्या हिऱ्यांचे दर पण खाली आलेत.

तसं बघायला गेलं तर साखरपुडा म्हणजे नावाप्रमाणं साखरेचा पुडाच, त्यात हिरा नव्हताच कधी. साखरपुड्याला हिराच पाहिजे हे डी बिअर्स कंपनीनं अमेरिकेत जाहिराती करून करून रुजवलं, हिरा कायमचा असतो हे त्यांचं घोषवाक्य १९४७ चं. कायमचा म्हणजे विकायचा नाही. मला त्या कंपनीचा राग नाही, पण आपण घेताना सोन्याच्या हिशोबानं घेतो आणि तिथंच चुकतं, ह्याचं वाईट वाटतं. काउंटरवर बाया रडल्यात माझ्यासमोर.

आता तुमच्या ६४,६०० कडं येऊ. ते खरोखरचे ६४,६०० आहेत का? दुप्पट किमतीची अट आहे म्हणजे तुम्हाला सव्वा-दीड लाखाची अंगठी घ्यावी लागणार. समजा कराआधी दीड लाखाची घेतली, तर ३ टक्के जीएसटी पूर्ण दीड लाखावर, म्हणजे ४,५००, जुनी अंगठी वजा करून उरलेल्या रकमेवर नाही. नवी मजुरी वेगळी. आणि नव्या हिऱ्यात पुन्हा शोरूमची किंमत, म्हणजे आज जो ३१ हजाराचा धक्का बसतोय तो पुढच्या वेळी ७०-८० हजाराचा बसणार. पूर्वी जी सूट मिळाली असेल ती वजा करून ८० टक्के काढतात का, आणि ८० टक्के जुन्या बिलावर की आजच्या किमतीवर, हे पण विचारा, तुमच्या दुकानात बिलावर आहे हे नशीब, बऱ्याच ठिकाणी आजच्या किमतीवर असतं. आणि एक करा, दुकानात गेल्या गेल्या जुनी अंगठी काढून दाखवू नका. आधी नवीन पसंत करा, तिची किंमत ठरवा, मजुरीवर काय सोडताय ते विचारून घ्या, आणि मग पर्समधनं जुनी काढा. उलट केलं की एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतात, सगळेच घेतात असं नाही पण घेतात.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते सांगते. मी हिरा विकलाच नसता. ६,८०० साठी तर नाहीच नाही, आणि ३०,४०० साठी पण दीड लाखाच्या खर्चात पडले नसते. अंगठी मोडा, सोनं मोडा, पण हिरा घरी आणा. गुजरीत एकाहून एक कारागीर बसलेत, त्यांच्याकडनं तोच हिरा नवीन अंगठीत बसवून घ्या, बोटाच्या मापाची, थोडी रुंद, बाजूला सोन्याची नक्षी असली की ३० सेंटचा खडा पण उठून दिसतो. किंवा अंगठी नकोच असली तर मंगळसूत्राच्या पेंडंटला लावा, नथीला पण छान दिसतो. तुमच्या जुन्या सोन्याचे ३४,२०० त्यातच जातील, वर मजुरी आणि थोडं सोनं. आणि नुसतं बोटाचं मापच वाढवायचं असेल तर खाली काप देऊन तुकडा जोडतात, दोन-तीन मापं सहज वाढतात, त्याला अंगठी मोडायची पण गरज नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही ह्याचं मला आश्चर्य वाटतं.

पण हिरा उतरवताना काळजी घ्या, हे मी पोटतिडकीनं सांगते. माझ्या मावसबहिणीची अंगठी, दुसऱ्या गावातल्या एका दुकानात खडा उतरवायला म्हणून आत नेली, अर्ध्या तासानं बाहेर आणली तर खड्याच्या कडेला टवका. ते म्हणाले आधीपासनंच होता. असेलही, नसेलही, आमच्याकडं ना फोटो ना चिठ्ठी, काय बोलणार. हिरा सगळ्यात कडक असतो हे खरं पण कडक म्हणजे न तुटणारा नव्हे, ओरखडा पडत नाही, पण कडेला नेमका मार बसला की टवका उडतो, आणि खडा धरून ठेवणारी सोन्याची नखं वाकवताना पकड घसरली तर तो तिथंच उडतो.

म्हणून न्यायच्या आदल्या दिवशी अंगठी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून अर्धा तास ठेवा आणि जुन्या मऊ ब्रशनं खालच्या बाजूनं घासा. हिऱ्याला तेलतुपाची फार ओढ असते, आणि रोज वापरातल्या अंगठीच्या नखांखाली काय काय निघतं विचारू नका, कणीक, हळद, साबणाचा थर, परवा एका काकूंच्या अंगठीतनं भाकरीच्या पिठाचा वाळलेला राखी थर मी टाचणीनं काढला तर खालनं हिरा असा लखकन्‌ उघडला की त्याच म्हणाल्या राहू दे, नको मोडायला. धुतल्यावर उजेडात मोबाईलनं जवळून फोटो काढा. दुकानात दहापटीच्या भिंगातनं स्वतः बघा, भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि अंगठी हळूहळू जवळ आणायची, आत एखादा ठिपका, पिसासारखी रेघ दिसते, ती आपली खूण. प्रमाणपत्र आयजीआय किंवा जीआयए ह्या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं असेल तर कडेवर लेझरनं बारीक नंबर कोरलेला असू शकतो, तो जुळवा. खडा उतरवायचा तो तुमच्या डोळ्यांसमोर, आणि उतरला की लगेच काट्यावर. ३० सेंट म्हणजे ०.०६ ग्रॅम, काट्याचं झाकण लावून वजन करायला सांगा, पंख्याच्या वाऱ्यानं पण आकडा हलतो. वजन लिहिलेली चिठ्ठी सही-शिक्क्यासकट घ्यायची.

२०१८ च्या अंगठीवर हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर, एचयूआयडी, नसणार, तो २०२१ पासूनचा. घाबरू नका, जुना डाग हॉलमार्क नसला तरी मोडता येतो, मशीनवर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून भाव लावतात. आणि हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न: ताई, आम्ही इचलकरंजीचे. मुलाचा साखरपुडा आहे. सूनबाई होणार तिला लॅबग्रोन हिरा आवडलाय, त्याच पैशात मोठा येतो म्हणते. पण पुढं विकायला गेलं तर काहीच येत नाही म्हणतात. खोटा असतो का तो?

उत्तर: खोटा अजिबात नाही. कार्बनच तो, कडकपणा तोच, चमक तीच, फक्त जमिनीत न होता मशीनमध्ये होतो, सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीनं. पंतप्रधानांनी २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबग्रोनच होता. दुकानात जो पेनासारखा टेस्टर असतो तो त्याला हिराच म्हणतो, हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मोयसनाइट खड्याला पण कधीकधी हिरा म्हणतो, म्हणून त्या पेनावर विसंबू नका, प्रमाणपत्रावर लॅबग्रोन लिहिलेलं असतं ते वाचा आणि बिलावर पण तसंच लिहून घ्या.

विकायचं म्हणाल तर हो, जवळपास काही येत नाही. कारखान्यात पाहिजे तेवढे तयार होतात त्यामुळं दर घसरत गेलेत, आज घेतला तो पुढच्या वर्षी नवाच स्वस्त मिळेल, मग तुमचा जुना कोण घेणार. पण मी म्हणते, वरचं उत्तर वाचलंत ना, खाणीतल्या हिऱ्याचे तरी कुठं आले? पोरीला आवडलाय तर घ्या, विकायचा विचार न करता घ्या, आणि वाचलेल्या पैशाचं तिला २२ कॅरेटमध्ये काहीतरी वजनाचं करा. अडचणीला तेच धावून येईल. एवढंच बघा की हिरा प्रयोगशाळेतला आणि पैसे खाणीतल्याचे असं होऊ नये.

प्रश्न: मी कागल तालुक्यातला शेतकरी. मुलाचा साखरपुडा झाला होता, तो मोडला. त्यांनी अंगठी मानानं परत केली, ५० सेंटचा हिरा आहे. उसाचं बिल यायला वेळ आहे, बँकेत तारण ठेवायला गेलो तर साहेब म्हणाले हिरा आम्ही धरत नाही. दुकानदार म्हणतो बदलून घ्या, रोख देणार नाही. बायको म्हणते मोडलेल्या सोयरिकीची अंगठी घरात नको. काय करावं?

उत्तर: काका, वाचून वाईट वाटलं. बँकेचं म्हणाल तर साहेब बरोबर बोलले, सोनेतारणात खडे वजा करून निव्वळ सोन्यावरच कर्ज मिळतं, सगळीकडं तसंच आहे, आणि अंगठीतलं सोनं तीन-चार ग्रॅम, त्यावर किती मिळणार. त्यापेक्षा घरातला दुसरा एखादा भरीव डाग तारण ठेवा, उसाचं बिल आलं की सोडवता येईल. ही अंगठी घाईनं विकू नका, घाईवाल्याला हिऱ्यात सगळ्यात कमी मिळतात.

दुकानदार रोख देणार नाही म्हणतो त्यात दोन गोष्टी असतील. एक म्हणजे नोटा, एका माणसाला एका दिवसात १० हजाराच्या वर रोखीनं दिले तर तो खर्च त्याला इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, म्हणून सराफ चेकनं किंवा खात्यावर देतात, त्यात काही गैर नाही. दुसरं म्हणजे त्याची पॉलिसीच फक्त बदलून देण्याची असेल. बिल काढा, मागची बाजू वाचा, परत घेण्याबद्दल काही लिहिलंय का. सहसा बदलून घेताना हिऱ्याची जास्त टक्केवारी असते आणि पैसे घेताना कमी. लिहिलं असेल तर त्याला ते द्यावंच लागेल, नसेल तर तो म्हणेल ते, मग गुजरीत अजून दोन-तीन पेढ्या फिरा. घेऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाही, महिना-दोन महिनेच झाले असतील आणि अंगठी वापरलेली नसेल तर मालकांना भेटून खरं कारण सांगा. नोकरानं नाही म्हटलेलं मालक पुष्कळदा हो म्हणतात, आमच्या पेढीवर पण असं होतं.

काकूंना सांगा, खड्याचा काय दोष. पण त्यांच्या मनाला लागलंय तर ओढाताण करू नका. सोनं मोडून टाका, हिरा डबीत ठेवा प्रमाणपत्रासकट, पुढं कधी मुलीला, नातीला कानात-नाकात करता येईल. ५० सेंटचा खडा आहे, ३० सेंटच्या मानानं त्याला थोडी तरी मागणी असते. पुढं होणाऱ्या सुनेच्या बोटात मात्र तिला न सांगता तो घालू नका, कुठनंतरी कळतंच, आणि तेव्हा फार दुखतं.

बिल मुलाच्या नावावर असेल तर पैसे पण त्याच्याच खात्यावर येणार, त्याचं आधार, पॅन लागेल, म्हणजे त्याला सोबत न्यावंच लागेल. सकाळी दुकान उघडतं तेव्हा जा, गर्दी नसते. आणि काका, काउंटरवर ती डबी उघडताना त्याला एकट्याला उभं करू नका, तुम्ही शेजारी थांबा.